वाचून दाखवायची वही

मालगाडी आली की वसतकार सर वाक्य अर्ध्यावर सोडत आणि पुस्तकातल्या त्या शब्दावर बोट ठेवून उभे राहत. नांदुऱ्याची आमची मिडल शाळा रुळांना इतकी लागून होती की गाडी जाताना खिडकीचे गज वाजायचे. बाकीचे शिक्षक गाडीवर आवाज चढवून शिकवत आणि घसा बसवून घेत. सर मात्र गप्प. आम्ही चाळीस जणांनीही आपापल्या पुस्तकात त्याच शब्दावर बोट ठेवायचं. डबे मोजायचे नाहीत, शेजारच्याला चिमटा काढायचा नाही, गार्डाला हात करायचा नाही. शेवटचा डबा गेला की सर कोणा एकाकडे बघून मान हलवत आणि त्यानं तिथूनच पुढं वाचायचं. ज्याचं बोट घसरलं असेल त्याला धडा पहिल्यापासून. "शब्द काई गाडीत बसून गेला नाई बे," सर म्हणत, "तूच गेला. ये वापस."

पाचवीत इंग्रजी सुरू व्हायचं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी पाचवीपर्यंत पोचलंच नव्हतं, त्यामुळं इंग्रजीची भीती मला बाहेरूनच कळलेली. पहिल्या तासाला सर आले. धोतर, काळी टोपी, खांद्यापाशी विरलेला सदरा. आता हा माणूस काय बोलेल आणि आपल्याला काय कळेल, या काळजीनं आम्ही जीव मुठीत धरून बसलो होतो. ते बोलले ते असं: "कायले घाबरून राह्यले? ज्याले ज्याले इंग्रजी येते त्यानं हात वर करा." एकही हात वर झाला नाही. मग त्यांनी विचारलं, गाडी जिथं थांबते त्याला काय म्हणता? टेसन. तिथं काय काढता? तिकीट. ताप आला की कोणाकडं जाता? बघता बघता फळा भरला. मोटर, सायकल, बटन, कप, कापसाचं जिन, प्रेस, मास्तर. "पाह्यलं? इतकं इंग्रजी घरून घेऊन आले तुमी. आता मले थोडंसंच शिकवा लागते," असं म्हणून त्यांनी हात झटकले. मी तेव्हा घरी जाऊन आईला सांगितलं की मला इंग्रजी येतं.

सर स्वतः जळगाव जामोदचे. घर, बायको, म्हातारे वडील आणि वावर तिकडं; नांदुऱ्यात ते स्टेशनाजवळ खोली घेऊन एकटे राहत. शनिवारी दुपारी बसने घरी जायचे आणि सोमवारी सकाळच्या पहिल्या बसने परत. त्यांचं वऱ्हाडी अस्सल होतं आणि ते त्यांनी शाळेत शिरताना कधी बाहेर काढून ठेवलं नाही. एकदा पुण्याकडचे एक तपासनीस आले. सरांचा तास ऐकताना ते मिशीतल्या मिशीत हसत होते. शेवटी म्हणाले, "मास्तर, इंग्रजी चांगलं शिकवता, पण मुलांशी शुद्ध मराठीत का बोलत नाही?" सर उभे राहिले आणि आम्ही त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं अशा स्वच्छ पुस्तकी मराठीत म्हणाले, "साहेब, मी एका वेळी एकच परकी भाषा शिकवतो." साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. हेडमास्तर पुढं आठवडाभर सरांशी बोलले नाहीत.

पण हेडमास्तरांचा खरा राग होता तो सरांच्या वहीवर. आमची इंग्रजी निबंधाची वही दर शनिवारी घरी जायची. रविवारी आपण लिहिलेलं घरच्या वडीलधाऱ्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखवायचं, मग मराठीत अर्थ सांगायचा, आणि निबंधाखाली त्या माणसाची सही आणायची. सही येत नसेल तर अंगठा. आमच्यातल्या तीस जणांच्या वहीत अंगठेच होते. दौतीतली शाई चिंधीवर घ्यायची, चिंधीवर अंगठा दाबायचा आणि मग वहीवर. माझी वही पाठीमागून उघडली तर निळ्या अंगठ्यांची रांगच दिसायची. हेडमास्तर म्हणायचे, "वसतकार, शाळा आहे की कचेरी?" सर म्हणायचे, "इंग्रजीचा आवाज घरात जाऊ द्या साहेब. आवाज ओळखीचा झाला का मंग पोट्ट्याले लवकर शाळेतून काहाडत नाईत."

आमच्याकडं अंगठा हा फक्त जमिनीच्या कागदावर लावायचा असतो, हे सरांना माहीत नसेल असं नाही. पण ते त्यांनी मनावर घेतलं नव्हतं. एका सोमवारी वर्गाच्या दाराशी एक शेतकरी घामाघूम होऊन उभा. पाठीमागच्या बाकावरच्या नामदेवचा बाप. रविवारी पोरानं वहीवर अंगठा घेतला, नंतर भावकीतल्या कोणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं की इंग्रजी कागदावर अंगठा म्हणजे वावर गेलं. रात्रभर माणूस झोपला नव्हता. "मास्तर, माहं वावर तं नाई ना गेलं?" त्यानं विचारलं. वर्गात हशा फुटला. सरांनी एका नजरेत आम्हाला गप्प केलं, त्याला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि नामदेवला उभं केलं. नामदेवनं निबंध वाचला, गाईवर होता. सर एकेका वाक्याचा अर्थ सांगत गेले: गाईला चार पाय असतात, गाय गवत खाते, गाय दूध देते. माणूस शेवटपर्यंत ऐकून म्हणाला, "एवढं तं मले बी मालूम होतं." सर म्हणाले, "तुमाले मालूम होतं, पोराले इंग्रजीत मालूम नव्हतं. आता दोघायले हाय. जा आरामात." जाताना त्यानं पोराच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या दिवसापासून आम्ही नामदेवला चिडवणं सोडलं.

आमचं घर माळ्याचं. गावाबाहेर दीड एकराचा मळा, विहीर, मोट. वांगी, मिरची, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. आई बाजारात बसायची, बाबा मळ्यात. रविवारी बाबा हातपाय धुऊन ओट्यावर बसत आणि म्हणत, "हं कुसमे, वाच." मी इंग्रजी वाचायची, ते डोळे मिटून ऐकत. मग म्हणत, "आता मराठीत सांग." पाचवी, सहावी, सातवी अशी तीन वर्षं हा आमचा रविवार होता. बाबांना त्यातलं काय आवडायचं कोण जाणे. पण वांग्याचा तोडा असला तरी ते रविवारची ती वेळ चुकवत नसत.

सातवीत असताना दिवाळीनंतर आत्यानं आपल्या मुलासाठी मला मागितलं. बाबांनी लगेच हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. हायस्कूल गावाच्या दुसऱ्या टोकाला, आठवीच्या वर्गात मुली दोन. आईला बाजारात हात हवा होता. "सातवी झाली का बस," बाबा एकदा जेवताना म्हणाले, आणि घरात तो विषय संपला. माझ्यापुरता तो संपला नव्हता. मी रोज शाळेत जायची आणि मनात दिवस मोजायची. आठवीचं इंग्रजीचं पुस्तक मी दुसऱ्या एका मुलीच्या हातात पाहिलं होतं, त्यात चित्रं कमी आणि अक्षरं बारीक होती. ते मला वाचायला मिळणार नव्हतं. सरांना मी काहीच सांगितलं नाही. अशा गोष्टी शिक्षकांना सांगतात हे मला ठाऊकच नव्हतं.

त्यातच सरांनी निबंध दिला, माझे वडील. वर्गात कोणाच्या तरी मोठ्या भावाचं जुनं निबंधाचं पुस्तक आलं होतं. त्यात हा निबंध तयारच होता. तो हातोहात फिरला आणि चाळीसच्या चाळीस वह्यांत उतरला. माय फादर इज अ क्लार्क. तो अकरा वाजता ऑफिसात जातो, काळा कोट घालतो, संध्याकाळी खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचतो. अख्ख्या नांदुऱ्यात त्या वेळी काळे कोटवाले दहा-बारा असतील, आमच्या वर्गात एका रात्रीत चाळीस झाले. मीही उतरवला. अक्षर वळणदार काढलं, खाली रेघ ओढली.

रविवारी ओट्यावर बसून मी तो वाचला. बाबांनी डोळे मिटले होते. "आता मराठीत सांग." तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय वाचलं. समोर बाबा बसले होते, गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला, आणि मी त्यांना सांगणार होते की तुम्ही कोट घालून ऑफिसात जाता! मग मी भराभर काहीतरी रचलं. "माहे बाबा सकाळीच उठते. मोट हाकलते. त्याच्या हातचे वांगे बाजारात सगळ्यात आधी संपते. त्याले एकेक झाड ओळखू येते." बाबांनी डोळे उघडले. एवढे खुश झालेले मी त्यांना क्वचितच पाहिले होते. त्यांनी आईला हाक मारली, "ऐकलं का वं? इंग्रजीत लेहलं हिनं हे!" आणि चिंधीवर अंगठा घासून असा दाबला की शाई पानाच्या पाठीमागं उतरली.

सोमवारी सर वह्या बघत बसले. एकामागून एक क्लार्क बघत ते वह्या बाजूला ठेवत गेले. माझ्या वहीशी थांबले. अंगठ्याकडं बघितलं. मला जवळ बोलावून हळू विचारलं, "हे वाचून दाखवलं?"

"हो सर."

"अन् मराठीत काय सांगतलं?"

मला रडू कोसळलं. पण सांगितलं, सगळं. सरांचा हात छडीकडं जाईल असं वाटलं. ते छडी वापरत नसत, तरी त्या दिवशी वाटलं. त्यांनी अंगठ्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "त्या मानसानं मराठीतल्यावर अंगठा लावला अन् तू तो इंग्रजीतल्याखाली घेतला. हे बरं नाई केलं, कुसुम." ते मला एरवी कुसमे म्हणत. कुसुम म्हणाले ते मला फार लागलं.

"आता मराठीतलं इंग्रजीत कर."

"येत नाही सर."

"जेवढं येते तेवढंच कर. पुस्तकातलं एक वाक्य नको."

मधल्या सुट्टीत सगळे बाहेर खेळायला गेले. मी बाकावर आणि सर टेबलाशी, डबा न उघडता. मी एक वाक्य लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची. सरांनी एकदाही येऊन डोकावलं नाही. वांग्याला शब्द आठवेना तेव्हा मी विचारलं, तेवढा त्यांनी फळ्यावर लिहून दिला. सुट्टी संपेपर्यंत नऊ वाक्यं झाली. माझे वडील ऑफिसात जात नाहीत. ते विहिरीवर जातात. त्यांना प्रत्येक झाड ठाऊक आहे. त्यांना वाचता येत नाही. रविवारी मी वाचते आणि ते ऐकतात. असं काहीसं. सरांनी ते वाचलं, वही मिटून मला दिली आणि म्हणाले, "रविवारची वाट नको पाहू. आजच दाखव. अन् आधी कोटवाला सांग."

त्या संध्याकाळी मी आधी कोटवाला सांगितला. बाबा ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "मंग मले त्याच्याखाली काऊन बसवलं वं?" मी नवीन निबंध वाचला, मराठीत सांगितला, एकेक वाक्य, काही न घालता, काही न गाळता. 'त्यांना वाचता येत नाही' हेही सांगितलं. बाबांनी अंगठा लावला नाही. "आज नाई," म्हणाले आणि गोठ्याकडं गेले. मला वाटलं, आता सातवीसुद्धा पुरी होत नाही.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या तासाला वर्गाच्या दाराशी बाबा उभे. धुतलेलं धोतर, हातात टोपी, वहाणा बाहेर काढलेल्या. शाळेत ते पहिल्यांदाच आले होते. "मास्तर," ते म्हणाले, "माह्या पोरीनं माह्यावर लेहलं म्हन्ते. तिचंच हाय का तुमी सांगतलं?"

"तिचंच हाय भाऊ. म्या फक्त वांगं देल्लं."

बाबांना हसू आवरेना. "वांगे तं माह्याकडे लय हायेत."

सरही हसले. मग त्यांनी माझी वही मागून घेतली आणि बाबांसमोर धरली. "हे पाहा भाऊ. याच्यात सात चुका हायेत. म्या एकीले बी हात लावला नाई. आठवीत गेली तं तिच्या तिले दिसतीन. नाई गेली तं राह्यतीन तशाच. तुमची मर्जी." एवढंच. पुढं ना आर्जव, ना उपदेश. सरांना माझ्या लग्नाची गोष्ट कोणी सांगितली होती हे मला आजतागायत कळलेलं नाही.

बाबा त्या वहीकडं बघत राहिले. त्यांना चुका दिसत नव्हत्या, अक्षरंच दिसत होती, पण ते असे बघत होते की जणू एखाद्या पानाखाली कीड आहे का ते शोधताहेत. मग त्यांनी सरांच्या टेबलावरची दौत ओढली आणि भर वर्गात अंगठा लावला. जूनमध्ये मोट सोडून मला स्वतः हायस्कूलला घेऊन गेले आणि आत्याला निरोप गेला की पोरगी अजून शिकून राह्यली.

पण आठवीत गेल्यावर त्या सातपैकी काही चुका मला दिसल्या तेव्हा सांगायला सर नव्हते. त्याच उन्हाळ्यात त्यांची बदली झाली, पार मेहकरकडं. निरोप समारंभात त्यांनी भाषण केलं नाही. आम्हाला म्हणाले, "वाचत राहा बे पोट्टेहो," आणि ट्रंक टांग्यात ठेवून गेले. मेहकरहून त्यांना दर शनिवारी घर गाठता येत नसे, सुट्ट्यांतच येत. मॅट्रिक पास झाले तेव्हा मी त्यांना इंग्रजीत पत्र लिहिलं. आठ दिवसांनी पोस्टकार्ड आलं, मराठीत: पत्र पोचले. बाबांना वाचून दाखवले काय? एवढाच मजकूर. मी पत्र बाबांना वाचून दाखवलेलं नव्हतं, वहीतल्या कच्च्या मजकुरावरून दाखवलं. मग शिक्षिकेचं शिक्षण झालं, नोकरी लागली. प्रत्येक वेळी वाटायचं, आता सरांना भेटायला जाऊ. हे झाल्यावर जाऊ, ते झाल्यावर जाऊ. अशी तीन वर्षं गेली. आज त्या तीन वर्षांचा मला फार राग येतो.

शेवटी एका दिवाळीच्या सुट्टीत गेले. सुट्टीत सर घरी असणार हे नक्की होतं. बाबांनी पिशवीभर वांगी दिली. जळगाव जामोदला बसमधून उतरून घर विचारत गेले. दार उघडलं ते माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या बाईनं, मागं परकर-पोलक्यातली एक मुलगी. मी नाव सांगितलं. "नांदुऱ्याच्या?" ती म्हणाली, "या ना बाई. म्या शांता, त्याहिची पोरगी. बाबा गेले. भादव्यात, तिकडेच, मेहकरले. दोन दिसाचा ताप."

मी ओट्यावर बसले. शांतानं पाणी आणून दिलं. आपलं दुःख बाजूला ठेवून तीच माझी समजूत काढत होती. तिला बोलतं ठेवावं म्हणून मी विचारलं, "तुमचं शिक्षण किती झालं?" मास्तरणीची खोड, दुसरं काय.

"तिसरी," ती म्हणाली. "आजोबानं काहाडलं. बाबा नांदुऱ्याले होते. शनिवारी आले तवा त्याहिले मालूम पडलं. आजोबापुढे बाबा कधी बोलले नाईत. मंग दर शनिवारी मले इंग्रजी वाचून दाखवत. म्या भाकरी टाको, ते वाचत. मले काई समजे नाई. तरी वाचत."

साऱ्या नांदुऱ्यातल्या बापांना ओट्यावर बसवून ऐकायला लावणारा हा माणूस स्वतःच्या बापापुढं एक शब्द बोलू शकला नव्हता. माझ्या बाबांसमोर त्यांनी वही धरली तेव्हा त्यांच्या मनात कोण होतं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. निदान एकदा येऊन त्यांच्याजवळ बसायला तरी हवं होतं.

शांतानं मुलीला पुढं ओढलं. "हे माही. चौथीत हाय. मामंजी म्हन्ते, आता बस. सासर माहं इथंच, दोन गल्ल्या टाकून. बाबानं चिठ्ठी धाडली होती भादव्याच्या आधी, या दिवाळीले येतो अन् त्याहिच्याशी बोलतो, या खेपी बोलतोच म्हने." मुलगी माझ्या पिशवीकडं बघत होती.

नांदुऱ्याची शेवटची बस साडेपाचला सुटायची आणि पाच वाजून गेले होते. मी वांगी कोपऱ्यात ठेवली, पायात चपला सरकवल्या आणि शांताला म्हटलं, "चला, मामंजी घरी असतील ना?"